पालिकेत नवे आहात? परिपत्रक हाती पडलं की काय करायचं

फळ्यावर टाचणीने लावलेला कागद, ग्रुपवर कुणीतरी तिरका फोटो काढून टाकलेलं पान, नाहीतर चौकीवर हजेरी घेता घेता मुकादमाने तोंडी सांगितलेलं वाक्य. मुंबई महापालिकेत लाभाची बातमी बहुधा या तीन वाटांनी येते आणि तिन्ही वाटा थोड्या गळक्या आहेत. फोटो पहिल्या पानाचा असतो, मुदत दुसऱ्या पानावर असते. तोंडी निरोपात रक्कम नीट पोचते, अट पोचत नाही. म्हणून पहिल्या वर्षात शिकायची गोष्ट एकच: मूळ कागद मिळवायचा, त्यातली तारीख शोधायची आणि आपण दिलेल्या कागदाची पोच घ्यायची. कार्यकारी सहायक असा, परिचारिका, कनिष्ठ अभियंता किंवा सफाई खात्यातले कामगार असा, यात फरक पडत नाही.

कागद आपला आहे का, ते आधी बघा

नव्या माणसाची सर्वांत मोठी गफलत इथेच होते. मंत्रालयातून निघतो तो शासन निर्णय, म्हणजे जीआर. तो राज्य शासकीय कर्मचाऱ्यांसाठी असतो. महापालिका १८८८ च्या स्वतंत्र अधिनियमावर चालते, तिचे सेवा विनियम स्वतःचे आहेत. त्यामुळे राज्याने एखादी सवलत दिली म्हणजे ती दुसऱ्या दिवशी पालिकेत लागू झाली असं होत नाही. पालिकेने ती स्वीकारावी लागते, आणि तसं स्वतःचं परिपत्रक निघावं लागतं. मंत्रालयातल्या मेव्हण्याला महागाई भत्त्याचा फरक मिळाला आणि आपल्याला नाही, यामागे बहुतेक वेळा एवढंच कारण असतं. आस्थापनेतल्या लिपिकाशी भांडून उपयोग नाही. त्याला विचारायचा प्रश्न असा: ‘या जीआरवर आपलं परिपत्रक निघालंय का, आणि निघालं असेल तर क्रमांक काय?’

जीआर खरा की कुणी जुळवलेला, हे ओळखायला सोपी खूण आहे. प्रत्येक जीआरच्या शेवटी संगणक सांकेतांक छापलेला असतो, १८ अंकी. त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. शेवटचे दोन अंक विभागाचे: वित्त विभागाचा ०५, नगर विकासचा २५. हा सांकेतांक राज्य शासनाच्या संकेतस्थळावर टाकला की मूळ पीडीएफ मिळते. कागदावर ऑगस्टची तारीख आणि सांकेतांक सुरू होतो मार्चच्या आकड्यांनी, असं दिसलं तर तो कागद पुढे पाठवू नका.

वाचायला शेवटच्या पानापासून सुरुवात करा

सरकारी मराठीत मुद्दा शेवटी असतो. पहिला परिच्छेद ‘संदर्भ’ आणि ‘पार्श्वभूमी’तच संपतो. म्हणून आधी सही बघा: सहीखाली कुणाचं पदनाम आहे, कागदावर जावक क्रमांक आणि दिनांक आहे का. क्रमांक नसलेला कागद हा मसुदा असू शकतो. मग प्रतीची यादी बघा, तुमचं खातं किंवा वॉर्ड त्यात आहे का. मग मागे येऊन दोन तारखा शोधा. एक लाभ कधीपासून लागू ती, दुसरी अर्ज कधीपर्यंत द्यायचा ती. या दोन वेगळ्या असतात, आणि घोळ होतो तो या दोघींतच.

काही शब्द पहिल्या वर्षात पाठ झालेले बरे. ‘अनुज्ञेय’ म्हणजे मिळू शकतं, पण अटी पुऱ्या झाल्या तर. ‘देय’ म्हणजे द्यायचंच आहे. ‘पूर्वलक्षी प्रभावाने’ असं आलं की थकबाकी मिळणार. याउलट ‘या परिपत्रकाच्या दिनांकापासून’ असं असेल तर मागचं काही मागू नका. ‘अधिक्रमित करण्यात येत आहे’ म्हणजे आधीचं परिपत्रक रद्द. टेबलाच्या काचेखाली ठेवलेलं जुनं पान त्या दिवशी काढून टाका. ‘विहित नमुन्यात’ असेल तर साध्या कागदावरचा अर्ज परत येईल, नमुना मागून घ्या. आणि ‘अत्यावश्यक सेवा वगळून’ हे तीन शब्द दिसले की आरोग्य, पाणी, घनकचरा, आपत्कालीन विभाग यांनी सुट्टीचा आनंद आवरता घ्यावा.

हे शेवटचं गमतीने नाही लिहिलं. १९ ऑगस्ट २०२५ ला अतिवृष्टीच्या इशाऱ्यामुळे पालिकेने मुंबईतल्या शासकीय-निमशासकीय कार्यालयांना सुट्टी जाहीर केली, ती अत्यावश्यक सेवा वगळून. फक्त पहिली ओळ वाचून घरी थांबलात तर तो दिवस हजेरीपटावर गैरहजेरीचा पडतो.

सुट्टीच्या कागदात जिल्ह्याचं नावही बघायचं असतं. कल्याण, विरार, पनवेलहून येणाऱ्यांच्या फोनवर आधी त्यांच्या जिल्ह्याचा आदेश येतो. आपली सुट्टी मात्र ‘मुंबई शहर व मुंबई उपनगर’ या शब्दांवर ठरते. २०२५ मध्ये या दोन जिल्ह्यांत दहीहंडी आणि अनंत चतुर्दशीच्या स्थानिक सुट्ट्यांऐवजी नारळी पौर्णिमा (८ ऑगस्ट) आणि ज्येष्ठ गौरी विसर्जन (२ सप्टेंबर) अशा सुट्ट्या मिळाल्या. ईद-ए-मिलादची सुट्टीही ५ ऐवजी ८ सप्टेंबरला गेली. भिंतीवरचं कॅलेंडर जानेवारीत छापलेलं असतं, त्याला हे कळत नाही.

महागाई भत्त्याचा हिशेब स्वतः करा

सर्वांत जास्त फिरणारा कागद हा. भत्त्याचा दर १ जानेवारी आणि १ जुलै अशा दोन तारखांपासून बदलतो, पण कागद निघतो काही महिन्यांनी. राज्याने ऑगस्ट २०२५ मध्ये दर ५३ वरून ५५ टक्के केला तो १ जानेवारी २०२५ पासून, आणि जानेवारी ते जुलैची थकबाकी ऑगस्टच्या पगारासोबत रोखीने दिली. पालिकेत असाच दर लागू झाला की आकडा असा बसतो.

मूळ वेतन २५,५०० धरू. पालिकेच्या वेतनस्तरात एम-१५ ची, म्हणजे कार्यकारी सहायकाची ही सुरुवात आहे. २ टक्के म्हणजे ५१० रुपये. सात महिन्यांचे ३,५७०. त्यातून निवृत्तिवेतन अंशदान १० टक्के, म्हणजे ३५७ कापलं जातं. हातात ३,२१३. आता तुम्ही १ मे रोजी रुजू झालात तर महिने तीनच: १,५३० मधून १५३ गेले, उरले १,३७७. मधे महिनाभर विनावेतन रजा झाली असेल तर त्या महिन्याचा फरक नाही. शेजारच्या टेबलाला जास्त मिळाले म्हणून अर्ज करण्याआधी पावतीच्या मागे पेन्सिलीने एवढं मांडून बघा. दहातल्या बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात. उरलेल्या खऱ्या असतात, आणि मग हाच हिशेब अर्जाला जोडता येतो.

पहिल्या महिन्यातले कागद

रुजू अहवालापासून सुरुवात. त्यावर तारखेबरोबर ‘म.पू.’ की ‘म.नं.’ हे लिहायचं असतं, म्हणजे मध्यान्हपूर्व की मध्यान्हानंतर. पगार, सेवाज्येष्ठता, वेतनवाढ सगळं या तारखेवरून मोजलं जातं. वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी, आणि राखीव जागेवर निवड झाली असेल तर जात वैधता प्रमाणपत्र, यांच्या मुदती नियुक्तीपत्रातच असतात. नियुक्तीपत्र पुन्हा एकदा वाचा. निवड झाल्याच्या आनंदात ते धड कुणीच वाचलेलं नसतं.

मग नाव. आधार, पॅन, बँक पासबुक, शाळा सोडल्याचा दाखला आणि सेवापुस्तक, या पाचांत नाव अक्षर न अक्षर एकसारखं हवं. एकीकडे ‘सुनीताबाई’, दुसरीकडे ‘सुनिता’, तिसरीकडे माहेरचं आडनाव. आज हे कुणाला खुपत नाही. खुपतं ते निवृत्तीला किंवा वारसाच्या अर्जाला. सफाई कामगारांच्या वारसा हक्काच्या, म्हणजे पी.टी. केसच्या फाइली अडतात त्यातही नावांतली तफावत हे नेहमीचं कारण. लग्नानंतर नाव बदलायचं असेल तर विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली प्रसिद्धी लागते. ती घेऊन आस्थापना, बँक, पॅन, पेन्शन खातं असं सगळीकडे एकाच महिन्यात बदला. अर्धवट बदल हा न बदलण्यापेक्षा वाईट. पॅन-आधार जोडणी नसेल तर पॅन निष्क्रिय होतं आणि जिथे कर कापायचा तिथे तो चढ्या दराने कापला जातो.

सेवापुस्तक प्रत्यक्ष उघडून बघा. ‘भरलंय हो साहेब’ यावर समाधान मानू नका. पहिल्या पानावर जन्मतारीख, शिक्षण, स्वग्राम, ओळखीच्या खुणा आणि तुमची सही असते. जन्मतारीख चुकली असेल तर राज्याच्या सेवा नियमांत ती दुरुस्त करायला रुजू झाल्यापासून पाच वर्षांची मर्यादा आहे. त्यानंतरचे अर्ज न्यायालयातही फारसे टिकत नाहीत. वर्षातून एकदा पुस्तक मागवून रजेच्या, वेतनवाढीच्या नोंदी बघायच्या आणि सही करायची. दुय्यम प्रत आपल्याकडे ठेवा, ती अद्ययावत करून घ्या.

पेन्शन खातं आणि नामनिर्देशन

५ मे २००८ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, अंशदायी योजना आहे. मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांच्या १० टक्के तुमच्या पगारातून जातात, पालिका आपला वाटा घालते. वरच्याच उदाहरणात २५,५०० आणि ५५ टक्के भत्ता म्हणजे १४,०२५, मिळून ३९,५२५. कपात ३,९५३ रुपये.

यासाठी राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीतला ‘प्रान’ नावाचा १२ अंकी क्रमांक लागतो. पहिल्याच महिन्यात अर्ज भरा, कारण क्रमांक नसेल तर पैसे गुंतवणुकीला लागत नाहीत. आधी दुसऱ्या शासकीय नोकरीत असाल तर नवा प्रान काढू नका, एका माणसाचा एकच असतो. जुना क्रमांक कळवा आणि खातं इकडे वर्ग करून घ्या. दोन प्रान झाले की ते एकत्र करता करता वर्ष जातं.

प्रान मिळाला म्हणजे काम संपलं असंही नाही. दर तीन महिन्यांनी पगाराच्या पावतीवरची कपात आणि खात्याच्या विवरणातली जमा शेजारी ठेवून जुळवा. तुमचे ३,९५३ आणि पालिकेचा वाटा अशा दोन ओळी प्रत्येक महिन्याच्या दिसल्या पाहिजेत. एखादा महिना गाळला गेला तर महिना, वर्ष, रक्कम लिहून आणि दोन्ही कागदांच्या प्रती जोडून अर्ज द्या. पाच वर्षांनी हे शोधायला जाल तेव्हा तो लिपिक बदललेला असेल, आणि तुमचा वॉर्डही.

नामनिर्देशन हा भाग लोक पाच मिनिटांत उरकतात. ‘आईचं नाव टाक, नंतर बघू.’ राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीचा नियम असा की लग्नाआधी केलेलं नामनिर्देशन लग्न झाल्यावर बाद ठरतं, नव्याने करावं लागतं. नाही केलं तर काही झाल्यावर पत्नी आणि आई दोघींनाही वारस दाखल्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि तेही आपसात अबोला धरून. पेन्शन खातं, उपदान (ग्रॅच्युइटी), विमा, बँक खातं, पतपेढी यांचे फॉर्म वेगवेगळे असतात. एका ठिकाणी नाव दिलं म्हणून ते दुसरीकडे आपोआप जात नाही. मूल झालं की हे सगळे फॉर्म पुन्हा काढून बघा.

पगाराचं खातं उघडलं तेव्हा ते साधं बचत खातं राहिलं आहे की ‘सॅलरी पॅकेज’मध्ये गेलं आहे, हे बँकेत विचारा. अनेक बँका पगार खात्याला अपघात विमा जोडतात, पण खातं त्या प्रकारात बदललेलं असेल तरच. अर्ज एका पानाचा असतो.

पावती, कर आणि फेब्रुवारी

दर मार्चला एक प्रश्न हमखास येतो: ‘फेब्रुवारीत शंभर रुपये कमी का आले?’ व्यवसाय कर दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. चूक नाही. महिलांना मात्र महिन्याचा पगार २५,००० पर्यंत असेल तर एप्रिल २०२३ पासून हा कर नाही.

आयकराचं म्हणाल तर एप्रिलमध्ये जुनी की नवी करप्रणाली हे लेखी कळवायचं. कळवलं नाही तर नवी धरली जाते. नव्या प्रणालीत पगारदारांना ७५,००० ची प्रमाणित वजावट आहे, आणि आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून १२.७५ लाखांपर्यंतच्या पगारावर कर लागत नाही. नव्याने लागलेल्या कार्यकारी सहायकाचा वर्षाचा पगार याच्या बराच खाली आहे. म्हणजे जानेवारीत खात्यात फिरणारे विमा एजंट ‘टॅक्स वाचेल’ म्हणतात तेव्हा वाचवायला मुळात कर नसतो. विमा घ्यायचा तर विम्यासाठी घ्या.

रजा

नैमित्तिक रजा कॅलेंडर वर्षाची, ३१ डिसेंबरला उरलेली बुडते. म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निम्मं कार्यालय रिकामं दिसतं आणि नव्या माणसाला रजा मिळत नाही. नोव्हेंबरातच मागा. अर्जित रजा राज्याच्या नियमांनुसार १ जानेवारी आणि १ जुलैला १५-१५ दिवस जमा होते, नव्याने लागलेल्याला पूर्ण महिन्याला अडीच दिवस या हिशेबाने. ती आधी मंजूर करून घ्यायची असते. गावाहून फोनवर ‘चार दिवस वाढवतोय’ सांगणं म्हणजे मंजुरी नव्हे. आजारपणाची परिवर्तित रजा अर्धवेतनी रजेतून दुपटीने वजा होते, आणि परत येताना प्रकृती ठीक असल्याचा दाखला आणला नाही तर रुजू करून घेत नाहीत.

प्रसूती रजा १८० दिवसांची, हयात अपत्ये दोनपेक्षा कमी असतील तर. ती रजेच्या खात्यातून वजा होत नाही. तरी काही जणींच्या पगारपत्रकात अर्जित रजा कापलेली आढळते, म्हणून परत आल्यावर रजेचा लेखा नक्की बघा.

दिवाळी आणि वैद्यकीय लाभ

दिवाळीत मिळतं ते सानुग्रह अनुदान, सगळे त्याला बोनसच म्हणतात. २०२४ ला २९,००० रुपये, २०२५ ला ३१,०००. रक्कम दर वर्षी नव्याने ठरते, त्यामुळे ती धरून आधीच फ्रिजचा हप्ता बांधू नका. सामुदायिक आरोग्य स्वयंसेविकांना मिळते ती भाऊबीज भेट, तिचा आकडा वेगळा: २०२५ ला १४,०००. वर्षात मध्येच लागलेल्यांनी परिपत्रकातली पात्रतेची अट शब्दशः वाचावी.

वैद्यकीय लाभाचं स्वरूप आजवर बदलत आलं आहे. २०१५ ला सुरू झालेली गटविमा योजना दोन वर्षांत थांबली, पण तिचे जुने कागद अजून फिरतात. म्हणून इथे कागदाची तारीख आधी, मजकूर नंतर. बिलं मात्र काहीही असलं तरी मूळ जपा: डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या, पैसे भरल्याच्या पावत्या. थर्मल कागदावरची शाई चार-सहा महिन्यांत उडते, त्याच दिवशी झेरॉक्स काढा.

अर्ज द्यायचा कसा

दोन प्रती. विषयात तुमचं नाव, पदनाम, कर्मचारी क्रमांक. संदर्भात परिपत्रकाचा क्रमांक आणि दिनांक. मजकूर सहा ओळींत बसवा. पहिली प्रत आवक-जावक टेबलाला, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख. ‘ठेवून जा, बघतो’ असं कुणी म्हणालं तर हसून शिक्का मागा, यात कुणाचा अपमान होत नाही. दोन आठवड्यांनी जाल तेव्हा ‘माझ्या अर्जाचं काय झालं?’ असं विचारू नका. ‘आवक क्रमांक अमुक, तारीख अमुक, फाइल कुठल्या टेबलावर आहे?’ असं विचारा. मुदतीचा शेवटचा दिवस रविवारी येत असेल तर शुक्रवारीच द्या.

पतपेढी आणि जामीन

पहिला पगार झाला की पतपेढीचा फॉर्म येतो. सभासद व्हायला हरकत नाही, अडीअडचणीला कर्ज मिळतं. पण त्याच महिन्यात एखादे गोडबोले काका चहा पाजून म्हणतात, ‘बाळा, जामीनदार म्हणून एक सही दे, औपचारिकता आहे.’ ती औपचारिकता नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात पगारातून वसुलीची तरतूद आहे आणि काकांचे हप्ते थकले तर कपात तुमच्या पावतीवर दिसते. चहा प्या, सही देऊ नका. अगदीच टाळता येत नसेल तर कर्ज किती, शिल्लक किती, काका निवृत्त कधी होणार आणि दुसरे जामीनदार कोण, हे चार प्रश्न विचारा. निवृत्तीला दोन वर्षं आणि कर्ज पाच वर्षांचं असेल तर उत्तर तुम्हाला मिळालंच.

बदली झाली तर

वॉर्ड बदलला की पगार आपोआप मागे येत नाही. जुन्या ठिकाणाहून अंतिम वेतन प्रमाणपत्र गेल्याशिवाय नवं कार्यालय वेतन काढू शकत नाही, आणि ते अडलं की दोन-दोन महिने हात रिकामा. कार्यमुक्त होण्याच्या दिवशीच त्याची मागणी लेखी द्या. त्यावर मूळ वेतन, वेतनवाढीची तारीख, शिल्लक रजा, चालू कर्जाचे हप्ते, प्रान हे सगळं आलंय का ते तिथेच उभं राहून तपासा. सेवापुस्तक कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकाने पाठवलं तेही टिपून घ्या. ‘ए’ वॉर्डातून निघालेलं पुस्तक ‘आर-उत्तर’ला, म्हणजे फोर्टातून दहिसरला पोचायला लोकलपेक्षा पुष्कळ जास्त वेळ घेतं.